रग्बी लीगचे मैदान ते फिजिओथेरपीचा वॉर्ड : हा मार्ग प्रत्यक्षात कसा असतो?

इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनला राहणाऱ्या एका मराठी आईने विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा तिथल्या एका क्लबच्या अकॅडमीत रग्बी लीग खेळतो आणि त्याच्या ए-लेव्हलचे, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या तोडीच्या शिक्षणाचे, एक वर्ष बाकी आहे. आधी व्यावसायिक खेळाडू व्हायचे आणि तिशी ओलांडल्यावर फिजिओथेरपिस्ट व्हायचे, असा त्याचा बेत आहे. हा बेत खरोखर शक्य आहे की अभ्यास टाळण्याची ती सबब आहे, खेळाचा अनुभव त्या व्यवसायात उपयोगी पडतो का, आणि विद्यापीठाचा प्रवेश पुढे ढकलावा का, असे त्यांनी विचारले आहे.

मी मुंबईत फिजिओथेरपी शिकले आणि त्यानंतरचा बहुतेक काळ उत्तर इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत काम केले. अर्धवेळ खेळाडू असलेल्या क्लबांच्या सामन्यांना मी मैदानाच्या कडेला उभी राहिले आहे. वॉर्डात प्लेसमेंटसाठी, म्हणजे पदवीतल्या प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासाठी, येणारे विद्यार्थी माझ्या देखरेखीखाली काम करतात आणि त्यांच्यात पूर्वी लीग खेळलेले काही जण होते. त्या आधारावर सांगते की मुलाचा बेत शक्य कोटीतला आहे, मात्र त्याने लावलेला क्रम जुळत नाही. या व्यवसायाची तयारी खेळ चालू असतानाच व्हावी लागते, आणि खेळाने जे शिकवलेले असते त्यातले काही पुढे जाणीवपूर्वक मोडून काढावे लागते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, म्हणून तिच्याविषयी मी अधिक लिहिणार आहे.

भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा करते. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जे रग्बी खेळले जाते ते पंधरा जणांचे रग्बी युनियन होय. रग्बी लीग हा त्यातून फुटून निघालेला तेरा जणांचा खेळ आहे. इंग्लंडमध्ये लँकेशर, यॉर्कशर आणि कंब्रिया हे त्याचे माहेर, तर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये तो प्रमुख खेळांपैकी एक आहे. एका संघाला सहा टॅकल होईपर्यंत, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा सहा वेळा अडवला जाईपर्यंत, चेंडू स्वतःकडे ठेवता येतो. त्यामुळे धावत येणाऱ्याला छातीवर घेऊन थांबवणे, किंवा आपण थांबवले गेलो तर उठून पुन्हा रांगेत येणे, हेच ऐंशी मिनिटे चालू असते. मधल्या फळीतला एखादा फॉरवर्ड एका सामन्यात तीस-चाळीस टॅकल सहज करतो. खांदे, गुडघे, घोटे आणि डोके यांच्यावर या खेळाचा भार का पडतो, हे यावरून लक्षात यावे.

ही फूट पडली तीच मुळी नोकरीच्या प्रश्नावरून. उत्तरेकडचे खेळाडू कोळशाच्या खाणींत, गिरण्यांत आणि गोद्यांत काम करणारे होते. शनिवारी सामन्याला जायचे तर त्यांचा रोज बुडे. तो क्लबने भरून द्यावा, ही मागणी लंडनच्या धुरिणांनी फेटाळली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि बुडालेल्या दिवसापोटी सहा शिलिंगांपर्यंत रक्कम देण्यास मान्यता दिली. १८९८ मध्ये खेळण्यासाठी उघडपणे पैसे घेण्याची मुभा मिळाली, पण तिला एक अट होती. खेळाडूकडे खेळाखेरीज दुसरी रीतसर नोकरी असलीच पाहिजे. ती अट काही वर्षांनी गेली तरी परिस्थिती फारशी बदलली नाही. कितीतरी नामवंत खेळाडू आठवडाभर कामावर जात आणि संध्याकाळी सराव करीत. १९९६ मध्ये सुपर लीग ही सर्वांत वरची स्पर्धा सुरू झाली, हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्याकडे सरकला आणि वरच्या क्लबांतले खेळाडू पूर्णवेळ झाले. शाळेतून थेट क्लबमध्ये आणि क्लबमधून थेट निवृत्तीत जाणारा तरुण ही तेव्हापासूनची गोष्ट आहे. आपल्या मुलासमोरचा पेच त्या बदलातून आलेला आहे.

पैशांचे चित्रही पाहून घ्यावे. सुपर लीगमधल्या क्लबने खेळाडूंच्या मानधनावर वर्षाला किती खर्च करावा याला मर्यादा आहे आणि ती २१ लाख पौंडांची आहे. पंचवीस-तीस जणांच्या ताफ्यात ही रक्कम वाटली जाते. त्यातला मोठा वाटा दोन-चार नावाजलेल्या खेळाडूंकडे जातो, आणि अकॅडमीतून नुकत्याच वर आलेल्या मुलाच्या हाती साध्या नोकरीइतकाच पगार येतो. सुपर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर तर बहुतेक जण अर्धवेळच खेळतात. महिलांची सुपर लीग २०१७ मध्ये सुरू झाली. तिथे नोकरी किंवा शिक्षण सांभाळून खेळणे हीच रीत आहे. महाराष्ट्रात कबड्डीत किंवा कुस्तीत नाव काढलेल्या मुलाला पोलीस खाते, रेल्वे, बँक अशी खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी मिळण्याची आशा तरी असते. इथे तसे काही नाही. तिशीच्या पुढेमागे करार संपतो, आणि तो संपेल हे कधी कधी एका ऑक्टोबरमध्ये अचानक कळते.

आता शिक्षणाकडे येऊ. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट हे नाव कायद्याने राखलेले आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत नाव असल्याशिवाय ते कोणालाही लावता येत नाही, लावल्यास तो गुन्हा ठरतो. नोंदणीसाठी मान्यताप्राप्त पदवी हवी. इंग्लंडमध्ये ती साधारण तीन वर्षांची असते. दुसऱ्या संबंधित विषयात पदवी असेल तर नोंदणीपूर्व मास्टर्स दोन वर्षांत करता येते. यांखेरीज पगार घेत शिकण्याची पदवी-अॅप्रेंटिसशिपही आता उपलब्ध आहे, पण तिच्या जागा थोड्या आहेत आणि त्या बहुधा रुग्णालयात आधीपासून सहायक म्हणून काम करणाऱ्यांना मिळतात. कोणताही मार्ग धरला तरी सुमारे एक हजार तासांचे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे प्रशिक्षण चुकत नाही.

इथे एक गोंधळ आवर्जून दूर करायला हवा, कारण अकॅडमीतली मुले त्यात हमखास सापडतात. क्लबमध्ये खेळाडूंच्या स्नायूंना मसाज करणारे, टेप लावणारे, व्यायाम घेणारे सगळेच ‘फिजिओ’ म्हणून ओळखले जातात, पण त्यांतले काही स्पोर्ट्स थेरपिस्ट असतात तर काही स्पोर्ट्स सायन्स शिकलेले प्रशिक्षक. ही कामे कमी दर्जाची आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. मैदानावरची दुखापत हाताळण्यात एखादा चांगला स्पोर्ट्स थेरपिस्ट नव्या फिजिओपेक्षा सरस असू शकतो. परंतु स्पोर्ट्स थेरपीच्या पदवीवर फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, आणि सरकारी रुग्णालयात फिजिओची जागा मिळत नाही. ‘आधी ते करतो, मग आपोआप हे होईल’ असे तिथे काही आपोआप घडत नाही. मध्ये आणखी दोन वर्षांचे मास्टर्स असते.

पूर्णवेळ खेळाडूने फिजिओथेरपीची पदवी करणे कितपत जमते? माझ्या मते जवळजवळ नाहीच. सुपर लीगच्या क्लबचा सराव दिवसा असतो. नोव्हेंबरमध्ये हंगामपूर्व तयारी सुरू होते, सामने फेब्रुवारीत सुरू होऊन सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतात, आणि विद्यापीठाचे वर्ष नेमके सप्टेंबरात उघडते. वर्गातले तास एखाद वेळी मागेपुढे करता येतील, रेकॉर्ड केलेली व्याख्याने रात्री ऐकता येतील, पण प्लेसमेंट म्हणजे सलग काही आठवडे सकाळी आठच्या सुमारास वॉर्डात हजर राहणे होय. ‘आज क्लबमध्ये सामन्याचे व्हिडिओ बघायची मीटिंग आहे’ असे स्ट्रोकच्या वॉर्डाला सांगता येत नाही. याउलट अर्धवेळ क्लबचा सराव आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी आणि सामना शनिवारी-रविवारी असतो. ते वेळापत्रक या पदवीशी चांगले जुळते. म्हणूनच खेळाडू ज्याला घसरण समजतो, ते वरच्या क्लबमधून चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे सुपर लीगच्या खालच्या स्पर्धेत, जाणे, पुष्कळदा शिक्षणाचे दार उघडणारे ठरते. दुसरा रस्ता असा की पूर्णवेळ खेळत असतानाच स्पोर्ट्स सायन्सची पदवी सावकाश, अर्धवेळ पद्धतीने पूर्ण करावी आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांचे मास्टर्स करावे. ज्याला खरोखर करार मिळाला आहे त्याला मी दुसरा रस्ता सुचवते. तिसाव्या वर्षी घरभाडे आणि कदाचित दोन मुले पदरी असताना, पहिल्या वर्षापासून तीन वर्षे काढण्यापेक्षा दोन वर्षे काढणे पुष्कळ सोपे जाते.

सिडनीचे उदाहरण इथे उपयोगी आहे. जॉर्ज पेपोनिस हे कँटरबरी-बँक्सटाउन या क्लबचे कर्णधार होते आणि हूकर या जागी खेळत. १९८० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने विजेतेपद मिळवले, ते ऑस्ट्रेलियाचेही कर्णधार झाले, आणि ते व्यवसायाने डॉक्टर होते. हे जमले याचे श्रेय त्यांच्या बुद्धीला द्यावे तेवढे थोडे, पण त्या काळी तिथलाही सराव संध्याकाळी होत असे, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आजच्या पूर्णवेळ खेळाडूला तसे करून दाखव म्हणणे अन्यायाचे होईल.

आता अनुभवाच्या उपयोगाविषयी. लोकांना वाटते की स्वतः तीन शस्त्रक्रिया सोसलेला माणूस रुग्णाचे दुःख अधिक जाणतो. हे अर्धेच खरे आहे. त्याला फिजिओच्या खोलीतली भाषा ठाऊक असते, शिस्त असते, सकाळी उठण्याची सवय असते, आणि कंटाळवाणा व्यायाम आठवडेच्या आठवडे करत राहणे म्हणजे काय हे त्याने अंगावर काढलेले असते. पण फिजिओथेरपीचा मोठा भाग खेळाडूंविषयी नसतोच. पदवीनंतर सरकारी सेवेत बँड ५ वर, म्हणजे नवोदितांच्या वेतनश्रेणीवर, रुजू झालेला फिजिओ आळीपाळीने श्वसनविकार, मेंदूविकार, वृद्धसेवा, शस्त्रक्रियोत्तर वॉर्ड आणि सांधे-स्नायूंचा बाह्यरुग्ण विभाग यांतून जातो. खेळाडूने तोवर कधी न पाहिलेली शरीरे तिथे असतात.

पूर्वी प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला दणकट फॉरवर्ड, म्हणून खेळलेला, तिशीतला एक विद्यार्थी माझ्याकडे छातीच्या विकारांच्या वॉर्डात आला होता. त्याच्यासमोर होते एक आजोबा. उमेदीत खाणीत काम केलेले, फुफ्फुसे थकलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि आठवडाभर अंथरुणाला खिळल्यामुळे पायांतला जोर गेलेला. त्यांना खुर्चीतून उभे करायचे होते. विद्यार्थी सरळ पुढे झाला आणि त्यांच्या काखेत हात घालू लागला. त्याच्या ताकदीने आजोबा क्षणात उभे राहिले असते, पण त्यात आजोबांचे स्वतःचे उभे राहणे कुठेच नव्हते, वर त्यांच्या खांद्याला इजा होण्याचा धोका होता. मी त्याला बाजूला बसवले. आजोबांना खुर्चीच्या कडेपर्यंत सरकायला सांगितले, पावले गुडघ्यांच्या मागे घ्यायला लावली, हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, ओठांचा चंबू करून दोनदा श्वास सोडायला लावला, आणि नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकायला सांगितले. मग आम्ही थांबलो. आजोबा पहिल्यांदा अर्धे उठून परत बसले. दुसऱ्यांदा उभे राहिले. विद्यार्थ्याचा हात त्यांच्या कमरेमागे हवेत तयार होता, पण टेकला नव्हता. नंतर तो म्हणाला की काहीही न करता तेवढा वेळ थांबणे त्याला सगळ्यात जड गेले. दुसऱ्याच्या अंगावर झेपावून त्याला हलवणे हाच ज्याचा पंधरा वर्षांचा धंदा होता, त्याच्याकडून याहून प्रामाणिक शब्द मी अपेक्षिले नव्हते.

मोडून काढायची दुसरी गोष्ट म्हणजे वेदनेशी असलेले नाते. या खेळाची दंतकथा दुखापत लपवणाऱ्यांच्या भोवती रचलेली आहे. जुलै १९५८ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत ग्रेट ब्रिटनचा कर्णधार अॅलन प्रेस्कॉट याचा हात सुरुवातीच्या काही मिनिटांतच मोडला. बदली खेळाडूची सोय नसल्यामुळे तो तसाच शेवटपर्यंत खेळला आणि संघ २५-१८ असा जिंकला. १९७० च्या सिडनीतल्या अंतिम सामन्यात साउथ सिडनीचा कर्णधार जॉन सॅटलर याने जबडा मोडलेला असताना जवळपास सगळा सामना खेळून काढला. हे जुन्या काळचे म्हणून सोडून द्यावे, तर २०१४ च्या अंतिम सामन्यात त्याच क्लबचा सॅम बर्जेस गालाचे हाड मोडलेले असताना खेळला आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१८ मध्ये सिडनी रूस्टर्सचा कूपर क्रॉंक खांद्याचे पाते मोडलेले असताना अंतिम सामन्यात उतरला. या चौघांविषयी मला आदर आहे. तरी सतरा वर्षांच्या मुलांना हे किस्से सांगताना मोठी माणसे ज्या सुरात सांगतात, तो सूर मला पटत नाही, कारण त्याच वयात मुले फिजिओशी खोटे बोलायला शिकतात.

माजी खेळाडू फिजिओ म्हणून ज्या ठिकाणी खरोखर उजवा ठरतो, ते ठिकाणही नेमके हेच. एका पावसाळी रविवारच्या सामन्यात टॅकलनंतर उठलेल्या, सेंटरच्या जागी खेळणाऱ्या एका खेळाडूने आम्हाला अंगठा दाखवून ‘ठीक आहे’ असे खुणावले आणि तो बचावाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. मला त्यात काही वावगे दिसले नाही. माझ्याबरोबर तेव्हा पात्रता मिळवलेला एक माजी खेळाडू होता. तो म्हणाला, ‘डाव्या हाताकडे बघा.’ त्या खेळाडूने डाव्या हाताचा अंगठा चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये अडकवला होता. लांबून पाहणाऱ्याला तो दम खात उभा आहे असे वाटावे, पण हात लोंबकळता राहिला तर खांद्यात कळ येते, म्हणून हाताचे वजन कमरेवर टाकण्याची ती युक्ती होती. पुढच्या थांब्याला आत जाऊन पाहिले तेव्हा कॉलरबोनच्या टोकाचा सांधा वर आलेला होता. अशा खुणा पुस्तकात क्वचितच सापडतात. डोक्याला मार लागल्यानंतरच्या तपासणीतही हेच घडते. हंगामापूर्वी प्रत्येक खेळाडूच्या स्मरणशक्तीची, लक्ष देण्याची आणि तोल सांभाळण्याची चाचणी घेऊन ठेवतात, म्हणजे सामन्यात धक्का बसल्यावर तुलना करता येते. ती पहिली चाचणी मुद्दाम सुमार दिली तर पुढची तुलना आपल्या बाजूने लागेल, हा हिशेब काही खेळाडू करतात. स्वतः ड्रेसिंग रूममध्ये वाढलेल्या फिजिओला तो हिशेब सांगावा लागत नाही. अशा वेळी खेळाडूला बाहेर ठेवण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो, पण त्यांच्यापर्यंत शंका पोहोचवणारा पहिला माणूस बहुधा फिजिओच असतो.

परंतु हाच अनुभव उलटतोही, आणि उलटतो तेव्हा तो आत्मविश्वासाच्या वेषात येतो. गुडघ्यातले पुढचे क्रूशिएट लिगामेंट, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, ते तुटून शस्त्रक्रिया झाली की मैदानावर परतायला किमान नऊ महिने द्यावेत असे आजचे शास्त्र सांगते. शिवाय केवळ कॅलेंडर पाहून भागत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्क्यांपर्यंत आली आहे का, एका पायावरच्या उड्यांमध्ये दोन्ही बाजू जुळतात का, दिशा बदलताना गुडघा आत कोसळतो का, हे तपासावे लागते. ‘मी सातव्या महिन्यात खेळलो होतो आणि मला काही झाले नाही’ हे वाक्य माजी खेळाडूच्या तोंडून फार सहज निघते. समोर नेटबॉल खेळणारी शाळकरी मुलगी असते, किंवा छपरांची कामे करणारा चाळिशीतला माणूस, आणि त्या दोघांच्याही दृष्टीने हे वाक्य घातक असते. एकट्या स्वतःच्या गुडघ्यावरून नियम काढायचा नाही, हे पदवीच्या पहिल्या वर्षी सगळेच लिहून घेतात. अंगी बाणायला मात्र माजी खेळाडूला इतरांपेक्षा अधिक वेळ लागतो, असे माझे निरीक्षण आहे.

क्लबमध्येच फिजिओ म्हणून परतावे का, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. मी सांगेन की निदान काही वर्षे ज्या क्लबमध्ये खेळलो तिथे जाऊ नये. कालचे सोबती आज रुग्ण होतात. कोणाचा करार संपत आलाय, कोणाला घरचे हप्ते फेडायचे आहेत, हे त्याला माहीत असते आणि प्रशिक्षकही त्याला जुन्या ओळखीने दारात गाठून ‘खरे सांग, शुक्रवारी उतरेल ना?’ असे विचारतो. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीने आणि गरजेपुरतीच इतरांना सांगायची, हा नोंदणीकृत फिजिओवर बंधनकारक असलेला नियम आहे. तो पाळताना मैत्री आडवी येते. शिवाय मैदानाच्या कडेला काम करण्यासाठी तातडीच्या उपचारांचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. मानेला इजा झालेल्या खेळाडूला कसे स्थिर ठेवायचे, श्वासमार्ग कसा मोकळा करायचा, याचा सराव ताजा ठेवावा लागतो.

क्लबमधल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात, कामाचे तास बेहिशेबी आणि शनिवार-रविवार कायमचे गेलेले. प्रत्यक्षात बहुतेक माजी खेळाडू रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, स्वतःच्या दवाखान्यात, किंवा जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात पाठदुखी-गुडघेदुखीच्या रुग्णांना डॉक्टरांच्या आधी तपासणाऱ्या फिजिओच्या जागी स्थिरावतात. मला ते उत्तम वाटते. २०२५-२६ मध्ये इंग्लंडच्या सरकारी सेवेत बँड ५ ची सुरुवात वर्षाला सुमारे ३१ हजार पौंडांपासून होत होती. तेहतिसाव्या वर्षी, बावीस वर्षांच्या सहकाऱ्यांबरोबर, तेवढ्यावर सुरुवात करण्याची मनाची तयारी हवी. टाळ्या थांबल्यानंतरची पोकळी हा वेगळा विषय आहे. या खेळाने त्याची किंमत मोजलेली आहे. माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू टेरी न्यूटनच्या २०१० मधल्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये, खेळाडूंच्या मानसिक आरोग्यासाठी स्टेट ऑफ माइंड ही संस्था उभी राहिली. ज्याच्या हाताशी अर्धवट का होईना, चालू असलेले शिक्षण आहे, तो त्या पोकळीत एकटा पडत नाही, असे मला अनुभवाने वाटते.

आता आपल्या तिन्ही प्रश्नांना धरून सांगते. ए-लेव्हल कोणत्याही परिस्थितीत पूर्ण करावे. अनेक विद्यापीठे जीवशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण यांपैकी एक विषय मागतात आणि गुणांची अपेक्षा चांगलीच वरची असते, त्यामुळे आताचे वर्ष हलके घेऊ नये. अकॅडमीचा मोसम संपताना क्लब पूर्णवेळ करार देतो की नाही, यावर पुढचे ठरेल. करार मिळाला तर त्याच वर्षी अर्धवेळ स्पोर्ट्स सायन्सला नाव घालावे आणि क्लबच्या खेळाडू-कल्याण अधिकाऱ्याला भेटून शिक्षणासाठीच्या मदतीची चौकशी करावी. रग्बी लीग केअर्स ही धर्मादाय संस्था अशा खेळाडूंना शिक्षणासाठी अनुदान देते. करार मिळाला नाही, किंवा अर्धवेळ क्लबचा मिळाला, तर प्रवेश पुढे ढकलण्याचे काहीच कारण नाही. थेट फिजिओथेरपीच्या पदवीला जावे आणि संध्याकाळी खेळावे. शुल्क २०२५-२६ मध्ये वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होते आणि त्यासाठी विद्यार्थी कर्ज मिळते. त्याखेरीज इंग्लंडमधल्या पात्र फिजिओथेरपी विद्यार्थ्याला वर्षाला किमान ५,००० पौंडांचे परत न करावे लागणारे अनुदान मिळू शकते, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते.

करार मिळो वा न मिळो, प्रवेशअर्ज मात्र याच वर्षी भरून ठेवावा. २०२६ च्या प्रवेशांपासून यूकॅस या विद्यापीठ-प्रवेशाच्या संस्थेच्या अर्जातले स्वतःविषयीचे निवेदन तीन प्रश्नांत विभागले आहे, आणि तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेर केलेल्या तयारीविषयीचा आहे. बहुतेक खेळाडू तिथे स्वतःच्या दुखापतींची यादी देतात आणि निवड करणाऱ्यांनी ती शेकडो वेळा वाचलेली असते. त्याऐवजी मुलाने पुढचे काही महिने आठवड्यातला एक दिवस जवळच्या वृद्धाश्रमात किंवा स्ट्रोकमधून सावरणाऱ्यांच्या व्यायामवर्गात मदतीला जावे, तिथे पाहिलेल्या एका माणसाविषयी नाव न देता लिहावे, आणि खेळाचा उल्लेख दोन ओळींत आटोपावा.